श्रद्धा गेली तरी चाल राहते

आयरिस डिमेंटचा पहिला आल्बम 'इन्फेमस एंजल' १९९२ साली निघाला तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. फिलो नावाच्या छोट्या लोकसंगीत कंपनीने तो काढला, पुढच्या वर्षी वॉर्नरने पुन्हा बाजारात आणला. अकरा गाणी. साथीला गिटार, फिडल, डोब्रो, उभा बास, पियानो. निर्माता जिम रूनी. त्याने या गाण्यांना फारसं सजवलं नाही, आणि हे त्याचे उपकारच म्हणायचे. तेच वर्ष 'एकी ब्रेकी हार्ट'चं होतं. अमेरिकन कंट्री संगीत तेव्हा स्टेडियमच्या मापाचं होत चाललं होतं. अशा वेळी घरातल्या बैठकीच्या मापाची ही तबकडी रेडिओवर फारशी वाजली नाही यात नवल नव्हतं.

ज्यांनी ऐकली त्यांनी मात्र ती सोडली नाही. थोर गीतकार जॉन प्राइनने तिच्यासाठी प्रास्ताविक टिपण लिहिलं. त्यात तो सांगतो की तो स्वयंपाकघरात पोर्क चॉप तळत होता, यातलं एक गाणं लागलं आणि त्याचे अश्रू कढईतल्या तेलात पडायला लागले. तीस वर्षं होऊन गेली तरी आयरिसचं नाव घेतलं की संगीताचे शौकीनसुद्धा बहुधा प्राइनसोबतचं तिचं द्वंद्वगीत आठवतात, नाहीतर 'द लेफ्टओव्हर्स' या मालिकेचं शीर्षकगीत. ते शीर्षकगीत याच आल्बमवरचं पहिलं गाणं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

ती आर्कान्सॉमधल्या पॅरागोल्डची. चौदा भावंडांत शेंडेफळ. ती तीन वर्षांची असताना कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं, पण घरातली बोली आणि देव दोन्ही आर्कान्सॉचेच राहिले. घर पेंटेकोस्टल होतं. म्हणजे चर्च हा आठवड्यातला एक कार्यक्रम नव्हता, तीच जगण्याची रीत होती. या घरात स्वर्ग हा पत्ता असलेला गाव होता आणि तिथे जायची वाट गाण्यांतून सांगितली जायची. मोठेपणी आयरिस त्या श्रद्धेपासून दूर गेली. पंचविशीत तिने पहिलं गाणं लिहिलं, तेसुद्धा दुकानांना फळ्या ठोकलेल्या, ओसाड पडत चाललेल्या एका गावातून जाताना. ते 'अवर टाउन'. गाव मरतं तेव्हा नेमकं काय काय मरतं याची इतकी साधी यादी मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेली नाही. त्यात कोणाला दोष नाही, हळहळीचा देखावाही नाही.

तिचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा दचकतो. उंच, थोडा नाकातला, कडा न घासलेला. शब्द ती आर्कान्सॉच्या उच्चारांतच गाते आणि सूर सरळ, एखाद्या रेघेसारखा लावते. शिकवलेला गळा याच्या उलट वागतो, तो स्वतःला झाकायला शिकतो. मला या आवाजाशी ओळख करून घ्यावी लागली नाही, कारण अशा आवाजांत मी वाढले. बडोद्यात आमच्या गल्लीतल्या मराठी बायकांचं भजनी मंडळ दर गुरुवारी आमच्याकडे बसायचं. पेटी, टाळ, एक ढोलकी. माझी आई ध्रुपद उचलायची ते टिपेच्या सुरात, आणि बाकीच्या मागे धरायच्या. त्यांत तीन-चार गुजराती शेजारणीही असत. त्यांना तुकोबांचा प्रत्येक शब्द कळत होता असं नाही, पण त्या कधी मागे राहिल्या नाहीत. चाल पाठ होती, ती त्यांना पुरत होती.

माझी श्रद्धा विसाव्या वर्षाच्या आसपास गेली. भांडण झालं नाही, वादळ झालं नाही. एखादी जुनी चप्पल झिजत झिजत एके दिवशी पायातून सुटावी तशी ती सुटली. आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. गुरुवारी सतरंज्या टाकायला येशील ना?" मी जात राहिले. सतरंज्या टाकायच्या, टाळ घ्यायचे आणि मागे धरायचं. पण एक प्रश्न बरोबर येऊन बसायचा: ज्याला मी हाक मारते आहे तो आहे असं मला वाटत नाही, मग हा माझा आवाज खोटा का मानू नये?

मैफलीत हा प्रश्न पडत नाही. भीमसेन जोशींची संतवाणी ऐकायला गेलेल्या माणसाला दारात कोणी श्रद्धेचा दाखला मागत नाही. तिथे अभंग कला झालेला असतो आणि आपण रसिक असतो, सगळ्यांची सोय होते. अडचण असते ती घरातल्या सतरंजीवर. तिथे श्रोते नसतात, सगळेच गात असतात, आणि गाणं म्हणजे कबुली असते.

'इन्फेमस एंजल' हा असा प्रश्न घेऊन बसलेला आल्बम आहे, असं मला वाटतं. त्याची सुरुवात होते 'लेट द मिस्टरी बी'ने. मेल्यावर माणूस कुठे जातो याबद्दल लोक काय काय सांगतात याची गंमतीदार उजळणी त्यात आहे: कोणी स्वर्ग म्हणतं, कोणी पुन्हा जन्म म्हणतं. आणि गाणारी म्हणते की मला माहीत नाही, तेव्हा ते गूढ गूढच राहू द्या. पेंटेकोस्टल घरातल्या धाकट्या लेकीने आपल्या पहिल्या तबकडीच्या पहिल्या गाण्यात हे म्हणावं ही साधी गोष्ट नाही. पण चाल ऐका. ती चर्चमधलीच आहे: टाळ्या धराव्यात अशी, चार ओळींत पाठ होणारी. शंका तिने आईच्या सुरात लावली आहे.

मध्यावर येतं 'फिफ्टी माइल्स ऑफ एल्बो रूम', कार्टर फॅमिलीने १९४१ साली ध्वनिमुद्रित केलेलं जुनं भक्तिगीत. त्यात स्वर्गात माणसाला ऐसपैस जागा मिळेल याचं वर्णन आहे. चौदा भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे आश्वासन किती खरं वाटलं असेल याचा मी विचार करते. आयरिस ते गाताना डोळा मिचकावत नाही. पहिल्या गाण्यात जे माहीत नाही म्हणाली, तेच इथे मन लावून गाते. पुढे 'आफ्टर यू आर गॉन' येतं. ते निघालेल्या माणसाला उद्देशून आहे, आणि त्यात परलोकातल्या भेटीचा आधार नाही. आधार आहे तो पाठ झालेल्या चेहऱ्याचा. एकाच तबकडीवर या तीन गोष्टी शेजारी शेजारी राहतात. ती त्यांचा निवाडा करत नाही.

प्राइनला रडवणारं गाणं 'मामाज ऑप्री'. ग्रँड ओल ऑप्री हा नॅशव्हिलचा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासूनचा. दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत गाणाऱ्या प्रत्येक माणसाचं पंढरपूर म्हणावं असं ते ठिकाण. आयरिसची आई फ्लोरा मे हिचं तरुणपणी तिथे गायचं स्वप्न होतं. ते स्वप्न संसारात गेलं. गाण्यात आई दोरीवर कपडे वाळत घालताना गाते आहे आणि पोर गवतात खेळता खेळता मागे गुणगुणते आहे. एमिलू हॅरिसने या गाण्यात साथीचा सूर दिला आहे. न झालेल्या गायिकेवरचं गाणं, आणि साथीला ऑप्री गाजवलेली गायिका.

आई गेली तेव्हा तेराव्याला मंडळातल्या बायका आल्या. त्या आता सत्तरीच्या पुढे गेलेल्या. ध्रुपद उचलायची वेळ आली आणि सगळ्या थांबल्या, कारण उचलणारी नव्हती. एका गुजराती मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी उचललं. आवाज टिपेला पोचला नाही, मी खालच्या पट्टीत गायले आणि त्यांनी ती पट्टी धरली. त्या वेळी विठ्ठल आहे की नाही हा विचार माझ्या मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. तो गाण्याच्या शेजारी बसून राहिला आणि त्याने गाण्यात अडथळा आणला नाही.

मला श्रद्धा परत मिळाली नाही. मिळाली असती तर हा लेख सोपा झाला असता. मला एवढंच कळलं की मागे धरणाऱ्याची एक वेगळी निष्ठा असते. ती देवाशी असेलच असं नाही, उचलणाऱ्याशी मात्र असते. त्या गुजराती मावश्यांना हे माझ्याआधी तीस वर्षं माहीत होतं. त्या आईसाठी गात होत्या.

आयरिसची पुढची वाट या प्रश्नाभोवतीच फिरली. १९९४चा 'माय लाइफ' तिने वडिलांना अर्पण केला. १९९६च्या 'द वे आय शुड'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा आल्बम यायला २०१२ उजाडलं. मधल्या काळात, २००४ साली, तिने 'लाइफलाइन' काढला तो बहुतेक जुन्या भक्तिगीतांचा. ज्या घरातून ती बाहेर पडली होती, त्या घरातली गाणी. आणि २०१२च्या 'सिंग द डेल्टा'त प्रार्थना व्यर्थ गेलेल्या एका मुलीचं गाणं आहे. ती मुलगी त्या रात्री प्रार्थना न करायला शिकते. श्रद्धा सुटल्याची नोंद आणि श्रद्धेची गाणी, दोन्ही तिने जपून ठेवली.

पहिल्याच आल्बममध्ये हे सगळं होतं. त्याचं शेवटचं गाणं 'हायर ग्राउंड' हे चर्चमध्ये शंभर वर्षं गायलं जाणारं भक्तिगीत आहे. वरच्या, उंच जागी मला पोचव असं ते मागतं. ते मुख्य आवाजात आयरिस गात नाही. फ्लोरा मे गाते. वय झालेला, थोडा थरथरता आणि अजिबात शंका नसलेला आवाज. ऑप्रीला ती पोचली नाही, पण लेकीच्या तबकडीचा शेवट तिच्या हाती आला. पहिल्या गाण्यात मला माहीत नाही म्हणणारी लेक इथे आईच्या मागे उभी आहे, आणि ध्रुपद आलं की ती मागे धरते.