चौकोन कमी, वर्तुळे जास्त

8 सप्टेंबर 2025

गणपती गेले. मिल हाउसमध्ये दुरुस्तीची ठोकाठोक चालू आहे, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची. सॉफ्टवेअरवाल्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकले: ऊसनोंदीपासून बिलापर्यंतची सगळी प्रक्रिया बीपीएमएनमध्ये काढून द्या, म्हणजे पुढे वाद नकोत. शेतकी, काटा आणि अकौंट्स या तिन्ही विभागांशी बोलणे असलेला माणूस म्हणून काम माझ्याकडे आले. त्या तिघांचे आपसात बोलणे असते तर ते कुणाकडेच आले नसते.

बीपीएमएन म्हणजे बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन, कामाचा ओघ कागदावर मांडण्याची ठरलेली चिन्हे. पहिली आवृत्ती 2004 ची; तिच्या घडणीत आयबीएमचे स्टीफन व्हाइट पुढे होते. मग ती ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपकडे गेली, जानेवारी 2011 मध्ये 2.0 आली आणि 2013 मध्ये आयएसओ 19510 म्हणून आंतरराष्ट्रीय मानकही झाली. 2.0 पासून चित्रामागे ठरावीक घडणीची एक्सएमएल फाइल असते. जे काढले ते, तांत्रिक तपशील भरून योग्य इंजिनात घातले तर, थेट चालते. भिंतीवरच्या जुन्या फ्लोचार्टला ही जोखीम नव्हती. त्यातली चुकीची रेघ कुणाचे पैसे अडवत नव्हती.

9 सप्टेंबर

चित्रासाठी एक ‘खेप’ हाताशी धरली. एका गाडीतला ऊस फडातून निघतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम होऊन बसतो. पुस्तकात याला टोकन म्हणतात: चित्रातून फिरणारी एक अदृश्य खूण. ती आता कुठे आहे, हे प्रत्येक क्षणी सांगता आले पाहिजे. नाही आले तर चित्र अपुरे.

मूळ चिन्हे थोडकीच. पातळ कडेचे वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड कडेचे म्हणजे शेवट, दुहेरी कडेचे म्हणजे वाटेत घडणारी घटना. गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम. उभा हिरा म्हणजे वाट फुटण्याची किंवा मिळण्याची जागा. भरीव रेघेचा बाण म्हणजे आधी हे, मग ते.

दुपारी काट्यावर गेलो. तिथल्या क्लार्कने आपले काम दोन वाक्यांत सांगितले. “भरलेली गाडी चढली की वजन, गव्हाणीत रिकामी होऊन आली की परत वजन. मधलं मला काय विचारताय?”

चौकोन दोन मिळाले. मधले मात्र कुणीच सांगत नाही. हंगाम भरात असला की गाडी यार्डात नंबर लावून तासन्‌तास उभी असते. तोडलेला ऊस त्या वेळात वाळतो, वजनाला घटतो, साखरही उतरते. तोटा होतो तो नेमका कुणाच्याच चौकोनात नसलेल्या वेळेत. दोन कामांच्या मध्ये दुहेरी वर्तुळ काढले आणि खाली लिहिले, ‘यार्ड नंबर पुकारला’.

11 सप्टेंबर

आज पूल आणि लेन. पूल म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः चालवणारा घटक, लेन म्हणजे त्याच्या पोटातला विभाग. कारखाना हा एक पूल. त्यात शेतकी, काटा, अकौंट्स या लेन. शेतकरी वेगळा पूल, तोडणी-वाहतूक ठेकेदार वेगळा, बँक वेगळी.

भरीव बाण पुलाबाहेर जाऊ शकत नाही. बाहेर जातो तो फक्त निरोप, तुटक रेघेचा, शेपटाशी बारीक वर्तुळ आणि पुढे पोकळ टोक असलेला. हा नियम पहिल्यांदा नुसता शिष्टाचार वाटतो. शेतकी अधिकारी तर चिडलेच. “तोडीची चिठ्ठी दिली की टोळी जाते. सरळ बाण काढा की!”

टोळी जाते, पण आपण म्हणतो म्हणून जात नाही. ती मुकादमाच्या सांगण्यावरून जाते. मुकादमाचा करार ठेकेदाराशी, मजुरांना उचल त्याने दिलेली, आणि बीडकडची माणसे आपल्या हजेरीपत्रकावर नाहीत. आपण चिठ्ठी पाठवतो. पुढे काय होते हे त्यांच्या पुलात ठरते. सरळ बाण काढला की हुकूम चालतो असा समज होतो आणि सॉफ्टवेअरही तोच समज धरून बसते: चिठ्ठी निघाली, म्हणजे ऊस तुटला. मागच्या हंगामातल्या निम्म्या तक्रारी याच समजातून आल्या होत्या.

साहेबांनी शेवटी तुटक रेघ मान्य केली, पण माझ्याकडे बघून नव्हे.

15 सप्टेंबर

चिठ्ठी गेल्यावर कारखान्याच्या बाजूला काय होते? काही नाही. वाट पाहणे. तीन गोष्टींतली एक घडते: गाडी भरल्याचा निरोप येतो, चिठ्ठीची मुदत संपते, किंवा शेतकऱ्याने ऊस दुसऱ्या कारखान्याला घातल्याची खबर लागते.

इथे साधा हिरा चालत नाही. फुलीचा हिरा हातातली माहिती पाहून एकच वाट निवडतो: गाडी बैलाची की ट्रॅक्टरची. आपल्याकडे निवडायला अजून काही आलेलेच नाही. त्यासाठी वेगळा हिरा आहे, आत दुहेरी वर्तुळ आणि त्यात पंचकोन. त्याच्यापुढे कामे नसतात, घटना असतात: पाकीट म्हणजे निरोप, घड्याळ म्हणजे मुदत, पुन्हा पाकीट. जी आधी घडेल ती वाट खुली, बाकीच्या आपोआप बंद. हे चिन्ह मला सगळ्यांत आवडले. निर्णय आपल्या हातात नाही, हे ते न लाजता सांगते.

चिटबॉय शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “आणि मिल बंद पडली तर? मला कुणी सांगत न्हाई, मी आपला चिठ्ठ्या वाटतोय.”

पाकीट हे एका नेमक्या पत्त्यावर जाते. मिल बंद पडल्याची बातमी मात्र सगळ्या गट ऑफिसांना, काट्याला, यार्डाला एकदम हवी. त्यासाठी वर्तुळात त्रिकोण: सिग्नल. एकाने फेकायचा, ज्यांनी ज्यांनी कान लावलाय त्यांनी झेलायचा. ‘चिठ्ठ्या देणे’ या चौकोनाच्या कडेवर तो बसवला. त्रिकोण आला की चौकोनातले काम तिथेच थांबते. चिटबॉयला ते पटले. फोन नवा मिळणार का, एवढेच त्याने विचारले.

16 सप्टेंबर

अकौंट्समध्ये थोडक्यात. बिलातून कपाती होतात: सोसायटीचे पीककर्ज, उपसा सिंचनाची पाणीपट्टी, बेणे-खताची उधारी. एखाद्याला तिन्ही, एखाद्याला एकच. यासाठी आत पोकळ वर्तुळ असलेला हिरा. लागू असतील तेवढ्या वाटा उघडतो आणि तेवढ्याच परत येईपर्यंत थांबतो.

अधिकाच्या हिऱ्याने सगळ्या वाटा एकदम सुटतात आणि पुढे अधिकाच्याच हिऱ्यात सगळ्यांची वाट पाहून एक होतात. अधिकाने सोडून फुलीने मिळवले, तर फुली कुणासाठी थांबत नाही. दोन खुणा एकामागे एक पुढे जातात आणि बिल दोनदा निघते. हे ऐकून अकौंट्सवाल्यांनी पहिल्यांदाच खुर्ची जवळ ओढली.

19 सप्टेंबर

आजचा दिवस एका घड्याळात गेला.

ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, द्यावी लागते. उशीर झाला तर त्या काळाचे वर्षाला 15 टक्के दराने व्याज. अकौंट्सचे म्हणणे, ‘बिल अदा करणे’ या चौकोनाच्या कडेवर घड्याळ लावा, झाले. पण त्या चौकोनात खेप येते ती पंधरवड्याचे बिल तयार झाल्यावर. पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी काट्यावर आलेल्या उसाची मुदत तोवर संपत आलेली असते. चौकोनाच्या कडेवरचे घड्याळ चौकोनात पाऊल पडल्यावर चालू होते, कायद्याचे घड्याळ ऊस पोहोचल्यावर. म्हणून वजनपावतीपासून रक्कम जमा होईपर्यंतची सगळी कामे एका मोठ्या चौकोनात, म्हणजे उपप्रक्रियेत घातली आणि घड्याळ त्याच्या कडेवर बसवले.

मग दुसरा प्रश्न: घड्याळाची कडा भरीव की तुटक? भरीव असेल तर मुदत संपताच आतले काम रद्द होते. पंधराव्या दिवशी बिलच रद्द! तुटक कडा असेल तर आतले काम चालू राहते आणि शेजारी दुसरी वाट सुरू होते: व्याज आकारणी. इथे तुटकच हवी.

2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, टनाला 3,550. तोडणी-वाहतूक वजा न करता धरले तर 15 टक्क्यांनी एका टनावर दिवसाला साधारण दीड रुपया. पन्नास टन घातलेल्याला दिवसाला 73 रुपये. रक्कम फार नाही. कारखान्यावरच्या सगळ्या टनांनी गुणली की आहे. अकौंट्सचे साहेब म्हणाले, “हे वर्तुळ चित्रात पाहिजेच का?” मी म्हटले, “साहेब, आदेशात आहे.” ते काही बोलले नाहीत. पुसलेही नाही.

22 सप्टेंबर

घटस्थापना. ऑफिसात शुकशुकाट, म्हणून वाचन.

काम चिन्हांत मांडण्याचा खटाटोप जुना आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्टची कल्पना मांडली. पुढे त्या संस्थेच्या 1947 च्या मानकात पाच चिन्हे ठरली आणि त्यांत खोळंब्यालाही स्वतःचे चिन्ह मिळाले. म्हणजे वाट पाहणे मोजायला हवे, हे त्यांना दिसले होते. कशाची वाट, हे बीपीएमएनने वर्तुळाच्या पोटात भरले.

2008 मध्ये मायकल झुर म्युलेन आणि यान रेकर यांनी लोकांनी खरोखर काढलेल्या 120 आकृत्या तपासल्या. सरासरी आकृतीत नऊच वेगवेगळी चिन्हे सापडली. बाकीचा पसारा बहुतेकांना लागतच नाही. यावरून थोडक्या चिन्हांत भागवा असा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धाच पटतो. नऊ चालतील, पण त्यांत घड्याळ आणि पाकीट नसेल तर उरते ती फक्त विभागांची कौतुकयादी: आम्ही हे करतो, आम्ही ते करतो.

26 सप्टेंबर

तोडीचा क्रम कसा ठरतो, हे शेतकी विभागाला हिऱ्यांनी काढून हवे होते. लागणीची तारीख, आडसाली की खोडवा, जात, ब्रिक्स. काढायला बसलो तर हिऱ्यांची जाळी होते आणि क्रमाचा नियम बदलला की सगळी उसवायची. नियम तक्त्यात लिहावेत आणि चित्रात ‘तोडीचा क्रम ठरवणे’ असा एकच चौकोन ठेवावा, हे बरे. त्या तक्त्यांसाठी डीएमएन नावाचे वेगळे मानक 2015 पासून आहे. तक्त्यावर सही कुणाची, यावर चर्चा जेवणापर्यंत गेली. वशिल्याची तोड कोणत्या ओळीत लिहायची, असे कुणीतरी विचारले. हसले सगळे, लिहिले कुणी नाही.

संध्याकाळी शेवटचा वाद. शेतकऱ्याचा पूल रिकामा ठेवायची मुभा आहे: नुसते नाव, आत काही नाही, निरोपांच्या रेघा काठावर येऊन थांबतात. त्याच्या घरचे आपल्याला कशाला, हा साहेबांचा मुद्दा नियमाला धरून आहे. तरी मी तो भरला. नोंद दिली, मग वर्तुळ. चिठ्ठी आली, वर्तुळ. वजनाचा एसएमएस आला, वर्तुळ. खात्यावर रक्कम. आमच्या पुलात चौकोनांची दाटी, त्याच्या पुलात सगळी वर्तुळेच. मधल्या उभ्या तुटक रेघांनी कागद गिचमिड झाला, हे खरे.

साहेबांनी दोन प्रती काढायला सांगितल्या आहेत. रिकाम्या पुलाची संचालक मंडळासाठी, भरलेली सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. मी भरलेलीच मंडळालाही पाठवा असे सुचवले आहे; निर्णय सोमवारी. ठेकेदाराचा क्लार्कही त्याच दिवशी येतोय. त्याच्या पुलात अजून फक्त नाव आहे, आणि यार्डात गाडी किती वेळ उभी होती हे आमच्याकडे नसेल तर त्याच्या वहीत असणार.