तर्करत्न खोटे बोलत नाही

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘महेश’ ही कथा मी अनुवादातून बरीच वर्षे शिकवली. गफूर नावाचा गरीब मुसलमान विणकर, त्याची मुलगी अमिना आणि महेश नावाचा म्हातारा बैल. दिवस दुष्काळाचे. कथेच्या आरंभी तर्करत्न नावाचा गावातला ब्राह्मण वाटेने जाताना उपाशी बांधलेला बैल पाहतो आणि गफूरला चार शब्द सुनावतो. गफूर त्याच्याकडे थोडा पेंढा उसना मागतो. फेडणार कसा, असे विचारून तर्करत्न चालू लागतो. वर्गात हा प्रसंग आला की माझे काम सोपे असे. ढोंग, जात, जमीनदारी हे शब्द फळ्यावर लिहावेत आणि पुढे जावे. 2019 च्या मार्चमध्ये एका विद्यार्थिनीने विचारले, “बाई, पण तर्करत्न खोटं काय बोलतो?” मी म्हटले, प्रश्न चांगला आहे, पुढच्या तासाला बोलू. शिक्षकाला हे वाक्य कधी उपयोगी पडते, हे शिक्षकांना सांगायला नको.

त्या दिवसांत माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक बैल दिसत असे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी भाड्याने राहत होते. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे तात्यांचे घर आणि गोठा. गोठा म्हणायचा एवढेच, कारण पत्रे आदल्या पावसाळ्यातल्या वाऱ्याने उडाले होते आणि पुन्हा बसवले गेले नव्हते. खिल्लार जोडीतला एक बैल बाजारात गेला होता. उरलेला सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात, हातभर दाव्याला. फासळ्या मोजता येत होत्या, पण त्या वर्षी कोणाच्या जनावराच्या मोजता येत नव्हत्या? मला सहन होत नव्हते ते वेसणीचे. नायलॉनच्या दोरीने नाकपुडी कापली होती आणि त्या जखमेवर माशा बसत होत्या. तो मान झटके, माशा उठत आणि पुन्हा बसत. भांडी घासताना हे रोज दिसे. अकरा दिवस मी खिडकी लावून घेत होते.

न बोलण्याची कारणे माझ्याकडे भरपूर होती. मी बाहेरची, भाडेकरू, त्यातून बाई. महिन्याला पगार घेणारी. तात्यांचा खरीप गेला होता, रब्बी पेरलीच नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा तालुकाही होता. कडब्याचा शेकडा अडीच हजारांवर गेलेला. अशा माणसाला ‘बैलाकडे बघा’ म्हणायचे ते कोणत्या तोंडाने?

दुसरा मार्ग कायद्याचा. मी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा शोधून वाचला. या कायद्याच्या मुळाशी एक नर्तिका आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले होते. सरकार स्वतः कायदा करील असे आश्वासन नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. कायद्याच्या अकराव्या कलमात माझ्या खिडकीतले सगळे दृश्य नोंदवलेले आहे: आखूड दोरीने दीर्घकाळ बांधणे, पुरेसा चारा, पाणी, निवारा न देणे. वेसण घालणे मात्र विहित पद्धतीने केले तर गुन्हा नाही. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत तेव्हा कडब्याच्या दोन पेंढ्या येत होत्या. त्याच कलमानुसार जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हाही गुन्हाच. आणि 2015 च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैल कापण्यासाठी विकताही येत नाही. म्हणजे तात्यांनी बैल सोडायचा नाही, विकायचा झाला तर थकलेल्या बैलाला दुसरे गिऱ्हाईक नाही, आणि पोसायचा तर चारा नाही. ही तिन्ही कुलपे एका माणसाच्या दारावर. बैलावरच्या दयेपोटी कायदे करणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या पेंढीचा हिशेब मांडला होता का, असा प्रश्न मला पडला. मग हेही जाणवले की मीसुद्धा अजून मांडलेला नाही.

तक्रार करावी का, असे मी एका सहकाऱ्याला विचारले. ते म्हणाले, “करा, पण मग कोण येईल आणि कशासाठी येईल, हे तुमच्या हातात राहणार नाही.” बैलाचे नाव घेतले की आजकाल कसली कसली माणसे गोळा होतात, हे मला ठाऊक होते. ती सारी बैलासाठीच येतात असे नाही.

बाराव्या दिवशी मी भिंतीजवळ गेले. मनात घोळवलेली वाक्ये सगळी विसरले आणि तोंडातून एवढेच निघाले, “तात्या, बैलाला सावलीत तरी बांधा.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्यामागे पाहिले. “सावली हाय कुठं, बाई? ती तुमच्या अंगणात पडती.”

माझ्या अंगणात चिंचेचे मोठे झाड होते. मी त्याखाली स्कूटी लावत असे.

त्या दुपारपासून बैल चिंचेखाली आला. घरमालकांचा फोन आला, शेणाच्या वासाबद्दल. मी ऐकून घेतले. पन्नास पेंढ्या कडबा आणला. तात्यांनी घेतला नाही. काकूंनी रात्री मागच्या दाराने नेला. इथपर्यंत सारे ठीक चालले होते, आणि मला स्वतःचे कौतुक वाटू लागले होते हेही कबूल केले पाहिजे. मग मी तात्यांना न विचारता सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. तात्या बाहेर गेले होते. डॉक्टरांनी चिमट्याने अळ्या काढल्या, टर्पेंटाइनचा बोळा लावला, नायलॉन कापून सुती वेसण घातली. “जनावर असं ठेवतात का?” असे ते मोठ्याने म्हणाले. गल्लीतली पाच-सहा माणसे उभी होती. त्यांनीही माना हलवल्या. त्यांच्यापैकी कोणाच्याही गोठ्यात वेगळे चित्र नव्हते.

संध्याकाळी तात्या आले, वेसण पाहिली आणि बैल सोडून घेऊन जाऊ लागले. फाटकाशी थांबून म्हणाले, “मला सांगायचं हुतं. मीच आनला असता डाक्टर.” आणला असता की नसता, मला आजही सांगता येत नाही. पण सांगायला हवे होते, हे खरे. गल्लीत मात्र ‘बाईंनी तात्यांचा बैल वाचवला’ असे झाले आणि ते वाक्य तात्यांच्या कानांवर रोज पडत राहिले. सकाळी “निघाला का बाई कॉलेजला?” असे विचारणे त्यांनी बंद केले. बैल बरा होत होता. आमचे बोलणे संपले होते. या दोन्ही गोष्टी मीच केल्या होत्या आणि त्यांतली एक नको, दुसरी हवी, असे म्हणण्याची सोय नव्हती.

त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे राहूनच गेले. तर्करत्न खोटे बोलत नाही. बैल उपाशी आहे हे खरे, तो बांधलेला आहे हे खरे. एवढेच की तो चालता चालता बोलतो, आणि बोलून झाले की पुढे जातो. मी थांबले होते, निदान काही दिवस. पण तात्यांचा बैल त्यांच्या परवानगीवाचून माझ्या चांगुलपणाचा विषय करून टाकण्यात थोडा तर्करत्न होताच. आणि मुकाट्याने खिडकी लावणाऱ्या अकरा दिवसांत तर त्याच्याइतकेही बळ नव्हते.

पुढे चारा छावणी सुरू झाली. तात्या बैलाला घेऊन तिकडेच राहायला गेले. बाजेसकट, अनेकजण जात होते तसे. पाऊस लांबला. मधल्या काळात घर बंद दिसे, काकू लेकीकडे होत्या.

दिवाळीच्या आधी तात्या फाटकाशी आले. आत या म्हटले तर आले नाहीत. खिशातून मोजलेल्या नोटा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. साडेबाराशे. “पन्नास पेंढ्यांचं,” म्हणाले. काकूंनी त्यांना सांगितले होते की त्यांना आधीपासून माहीत होते, कळायला मार्ग नाही. गोठ्यावर नवे पत्रे आले होते. खाली खुंटा रिकामा होता.

मी पैसे घेतले. बैलाचे विचारले नाही.