दोरीच्या गाठी

शाळेच्या मास्तरांनी निरोप धाडला, "बाबा, पोरांना विहिरीची पातळी मोजायला शिकवायचीय, तुमच्या विहिरीवर आणू का?" म्हणलं आणा. त्यात काय एवढं! दोरीला दगड बांधायचा, हात-हातभर अंतरावर गाठी मारायच्या, सोडायची खाली. आमचे वडील परसानं मोजायचे, पोरं मीटरनं मोजतात, एवढाच फरक.

नववीची तीसेक पोरं आली. त्यात माझी नातही होती. मी ऐटीत 1972 चा दुष्काळ सांगितला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आईबरोबर खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो. पोरं गप ऐकत होती. मग मास्तरांनी त्यांना हिशेब घातला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. पोरांनी वह्या काढल्या.

तेवढ्यात नात उठली अन् शेजारच्या उसाच्या सरीकडं बोट करून म्हणाली, "बाबा, तुम्ही भरणं देता तेव्हा पाणी किती उभं राहतं?" मी चार बोटं दाखवली. तिनं पट्टीनं बोटं मोजली, आठ सेंटिमीटर धरले. एकराचे झाले सव्वातीन लाख लिटर! मग म्हणाली, "माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर. आपल्या पाच जणांच्या घराला हे तीन वर्षं पुरून उरंल." आणि हे एका भरण्याचं. उसाला अशी भरणी किती होतात, ते मास्तरांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

दुष्काळाची गोष्ट सांगणारा मी, आणि घरची पोर माझंच गणित मांडत होती. पोरं हसली. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

आमच्या सोनईच्या शिवारात मुळेचा पाट आला अन् ऊस आला, कारखाना आला. पोरीची फीसुद्धा उसातूनच जाते. हे त्या वहीत कुठं लिहायचं? पण जिल्ह्यातलंच हिवरे बाजार बघितलंय मी. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, पण पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडतात, त्यावरून रब्बीचं ठरवतात. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. पोपटराव पवारांनी सरपंच झाल्यावर 1990 च्या सुमाराला सुरुवात केली, एका वर्षात काही झालं नाही. आमच्याकडं पाट आहे म्हणून आम्हाला हिशेबाची गरज वाटली नाही. पण पाटाचं आवर्तन लांबलं की सगळे विहिरीवर धावतो, तेव्हा मात्र दोरी लांब सोडावी लागते.

घरी आल्यावर मंडळी म्हणाली, "पोरीनं तुमची इज्जत काढली म्हणं!" जेवताना मी बोललो नाही. रात्री पडल्या पडल्या चार बोटांचा हिशेब पुन्हा करून बघितला. चुकला नव्हता.

यंदा खोडवा मोडला त्या अर्ध्या एकरात ज्वारी अन् हरभरा घेतला. बाकी दोन एकर ऊसच आहे. थोरला म्हणतो, आधी ठिबकचं कर्ज फिटू द्या, मग बघू. बरोबरच आहे त्याचं.

दोरी आता नातीच्या ताब्यात आहे. दर पौर्णिमेला ती विहिरीवर येते, गाठी मोजते अन् भिंतीवर कोळशानं तारीख टाकते. कार्तिकात नऊ गाठी ओल्या निघाल्या. परवा सहा निघाल्या. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आकडा लिहिला अन् शाळेला गेली.