उशिराचा टाळ

थोरल्या बंधूंच्या आवाजातला अभंग जुन्या कॅसेटवरून संगणकात उतरवला आणि जनवाड्याच्या घरी त्यावर टाळ भरू लागलो. प्रत्येक ठोका मागे पडे. प्रथम वयाला दोष दिला. दोष बफरचा होता. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ नमुन्यांचा बफर भरायला २३ मिलिसेकंद लागतात, येता-जाता ४६. म्हणजे दिंडीत सुमारे १६ मीटर मागे चालणेच की! बफर १२८ वर आणला, स्वतःचा टाळ संगणकामार्फत ऐकणे बंद केले. हेडफोन माइकला लावून एक टिचकी पुन्हा मुद्रित केली, उरलेले अंतर मोजले आणि टाळाची पट्टी तेवढी अलीकडे सरकवली. आता टाळ समेवर पडतो. दादा मात्र दुसऱ्या कडव्यात किंचित धावतात; ते तसेच राहू दिले आहे.