झाशीहून आलेलं कार्ड

१९९४च्या उन्हाळ्यात झाशीहून एक पोस्टकार्ड आलं. वडिलांचे जुने स्नेही तिथे रेल्वेत होते. वडील नुकतेच गेले होते. आई पेणच्या शाळेत शिक्षिका. शेजारच्या वरसईच्या गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ तिने किती वेळा वाचलं असेल, ठाऊक नाही. त्यातलं झाशी आणि ग्वाल्हेर एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढंच तिने मागितलं होतं. मला अजून धड नोकरी नव्हती.

या काकांनी कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत सगळा हिशेब मांडला होता. कल्याण ते ग्वाल्हेर असं एकच तिकीट काढा. अंतर वाढतं तसा दर मैलामागे उतरत जातो, म्हणून तुकड्यांनी तिकिटं काढू नका. झाशीला ब्रेक जर्नी घ्या. उतरल्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस मिळतात. उतरल्याबरोबर तिकिटावर शेरा मारून घ्या. सामान आमच्या क्वार्टरमध्ये टाका आणि हात हलवत फिरा. ओरछा टेंपोने, दतिया पॅसेंजरने. झाशीचा किल्ला, ओरछ्याचा जहांगीर महाल, दतियाचा सात मजली वाडा ही तिन्ही कामं एका वीरसिंहदेवाची, म्हणून ती पाठोपाठ पाहावीत. सोनागिरची पांढरी जैन मंदिरं ग्वाल्हेरला जाताना गाडीतूनच दिसतील, तिथे उतरू नका. आणि अगदी कडेला, पत्त्याला घासून: ‘वहिनींना कुठे घाई करू नये.’

तसंच केलं. काकूंनी रोज दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. बाहेर खाण्यावर आमचा जवळजवळ काहीच पैसा गेला नाही. ओरछ्याला बेतवेच्या काठी छत्र्यांच्या सावलीत आई तासभर नुसती बसली, मी काही बोललो नाही. दुसऱ्या संध्याकाळी काकांनी आम्हाला महाराष्ट्र गणेश मंदिरात नेलं. लक्ष्मीबाई आणि गंगाधररावांचं लग्न १८४२ साली याच देवळात लागलं. तिथे आई पहिल्यांदाच वडिलांविषयी बोलली. काका ऐकत राहिले, मध्ये एक शब्द नाही.

निघताना मी पाकीट पुढे केलं. काकांनी ते माझ्याच खिशात परत घातलं. ‘गोडसे भटजी घरचं कर्ज फेडायला निघाले होते ना?’ ते आईला म्हणाले. ‘वाटेत लुटले गेले, पैसा हाती राहिला नाही. घरी नेली ती गंगेची कावड. तुम्ही ग्वाल्हेरला बाईसाहेबांच्या समाधीवर आमच्याही नावाने एक फूल वाहा.’

फुलबागेत आईने दोन फुलं वाहिली.

माझा भाचा आता लीड्सला असतो. ताई त्याच्याकडे जायची आहे. यॉर्क, डरहॅम, न्यूकॅसल स्वस्तात कसं दाखवू, असं त्याने विचारलं तेव्हा मी कागद घेऊन बसलो. तिकडची तऱ्हा वेगळी, कधीकधी तुकड्यांनी काढलेली तिकिटंच स्वस्त पडतात; शिवाय आधी काढलेल्या सवलतीच्या तिकिटावर मध्ये उतरता येत नाही. पण बाकीचं काकांचंच लिहिलं. यॉर्कला मुक्काम, सामान तिथेच. तटबंदीवरून शहराभोवती चालायला पैसे पडत नाहीत. तिन्ही गावं एकाच मार्गावर आहेत. डरहॅमचं कॅथीड्रल गाडीच्या खिडकीतूनही दिसतं, पण तिथे मात्र उतर.

कागद भरला होता. शेवटची ओळ कडेला, आडवी लिहावी लागली: ‘आईला कुठे घाई करू नकोस.’