गिरमिट, कोयता आणि शिंदीचं झाड

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता? आम्ही जायचो बीड जिल्ह्यात, आजोळी. पुण्याहून सकाळी एसटी निघाली की नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा अशी गावं घेत घेत मांजरसुंब्याचा घाट उतरायची आणि दुपार कलताना बीडच्या स्थानकात येऊन थांबायची. तिथून आणखी तासभर गेलं की शिंदफणा नदी आणि तिच्या काठचं मामाचं गाव.

गावाबाहेर एक ओढा आहे आणि ओढ्याकाठी शिंदीची झाडं. शिंदी म्हणजे खजुराची रानातली बहीण. पानं तशीच टोकदार, फळं मात्र बोराएवढी, आणि त्यात गरापेक्षा बीच मोठी! पानांचे फडे करतात, म्हणजे अंगण झाडायचे झाडू. या झाडातून गोड रसही निघतो. ताजा असतो तोवर ती नीरा. ऊन चढलं, रस आंबला, की तिचीच नशा आणणारी शिंदी होते.

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा सातवीत होतो. कॅनडातल्या मेपल झाडांबद्दल मी एका पुस्तकात वाचलं होतं. हिवाळा सरताना तिथले लोक झाडाच्या खोडाला भोक पाडतात, त्यात नळी बसवतात आणि खाली बादली टांगतात. टपटप गोडसर पाणी पडतं. ते आटवलं की मधासारखा पाक तयार. झालं! कॅनडात जमतं, तर शिंदफणेकाठी का जमू नये? मामेभाऊ एका पायावर तयार झाला.

पण हत्यार कुठलं घ्यायचं? आम्ही सुतारकाकांकडे गेलो. त्यांच्याकडे भोक पाडायची तीन हत्यारं होती. आडव्या लाकडी मुठीचं गिरमिट, दोरीच्या कमानीनं गरगर फिरवायचा सामता आणि दात्यांच्या चाकाचं हातड्रिल. काकांनी विचारलं, "लाकूड वाळलेलं का ओलं?" आम्ही म्हणालो, "ओलं." "मग गिरमिट न्या. पण धार बघून न्या. बोथट टोक लाकूड कापत नाही, चेचतंय." कुठल्या झाडाला भोक पाडणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

शिंदीच्या खोडाला आमच्या छातीच्या उंचीवर भोक पाडायला सुरुवात केली. गिरमिट बोटभर आत गेलं. बाहेर भुसा येईना, जुना दोरखंड उसवावा तसे धागे येत होते. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ खुपसला आणि खाली तांब्या बांधला. संध्याकाळी बघितलं, तर तांब्यात दोन मुंग्या!

"काय करायलात रे पोरांनो?" मागून आवाज आला. शिंदी काढणारे काका होते. कमरेला कोयता, खांद्यावर दोर आणि मडकी. सरकारी परवाना असल्याशिवाय या कामाला झाडाला हात लावता येत नाही. त्यांच्याकडे तो होता. आता हसतील, असं आम्हाला वाटलं. पण ते हसले नाहीत. भोकावर बोट ठेवून म्हणाले, "हे आता बुजत नसतंय." आणि जाता जाता म्हणाले, "उद्या पहाटं या."

पहाटे थंडीत कुडकुडत आम्ही ओढ्यावर गेलो. दोर खोडाभोवती आणि कमरेभोवती टाकून काका बघता बघता वर चढले. रस खाली खोडात शोधायचा नसतो, तो शेंड्याजवळच्या कोवळ्या भागातून काढायचा असतो. तिथल्या एका बाजूच्या झावळ्या काढून त्यांनी खोड सोललं होतं. त्यावर खाच, खाचेत बांबूची लहानशी पन्हळ आणि तिच्याखाली मडकं. त्यांचा कोयता पातळ होता आणि त्याला वस्तऱ्यासारखी धार होती. त्यानं त्यांनी खाचेवरचा कागदाएवढा पापुद्रा काढला. बस, तेवढाच!

"जास्त खोल गेलं तर?" मी खालून ओरडलो.

"झाड मरतंय. याला एकच शेंडा असतोय, लेकरा. आंब्यासारख्या फांद्या नाहीत. शेंडा गेला की झाड गेलं."

काही दिवस रस घ्यायचा, मग खाच वाळू द्यायची, मग पुन्हा पापुद्रा. या वर्षी एका बाजूनं काढला, तर पुढच्या वर्षी समोरच्या बाजूनं. म्हणून शिंदीच्या खोडावर नागमोडी खाचा दिसतात. त्या मोजा, म्हणजे झाडानं किती वर्षं रस दिला ते कळतं. त्या झाडावर मी अकरा मोजल्या.

उतरल्यावर त्यांनी ओंजळीत थोडी नीरा दिली. गार, गोड, जराशी धुराच्या वासाची. (पालकांनी मात्र एक लक्षात ठेवावं. रात्री वटवाघळं मडक्याला तोंड लावतात. बांगलादेशात निपाचा विषाणू अशाच कच्च्या रसातून माणसांपर्यंत पोचला. त्यामुळे उघड्या मडक्यातला रस मुलांना देऊ नये.)

मग मेपलला गिरमिट का चालतं? मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं. मेपलच्या सालीखाली दरवर्षी लाकडाचं नवं कडं तयार होतं. गोड पाणी वाहतं ते या बाहेरच्या लाकडातून, रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं की. नवं लाकूड भोकाला हळूहळू झाकून टाकतं. तिथले मूळ रहिवासी पूर्वी कुऱ्हाडीनं खाच घेत. पुढे गिरमिट आलं आणि जखम लहान झाली. आधी भोक ११ मिलिमीटर रुंद पाडत, आता बरेच जण ८ मिलिमीटरवर भागवतात. खोली साधारण ५ सेंटिमीटर. भुसा पांढरट आला तर लाकूड जिवंत. तपकिरी आला तर ते मेलेलं, जागा बदलायची. एवढं करून सुमारे ४० लिटर पाण्यातून १ लिटर पाक मिळतो! शिंदीत अशी कडी नसतात, खोडभर धागेच धागे. तिची जखम भरून येत नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही हे सगळं आबांना, म्हणजे आजोबांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्ही गिरमिट तरी घेतलं. मी कुऱ्हाड घेतली होती."

तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. शिंदीवरच्या करातून निजामाच्या तिजोरीत मोठा पैसा जायचा. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुलांना घडवणारे स्वामी रामानंद तीर्थ १९४७ साली स्टेट काँग्रेसच्या लढ्याचे नेते होते. त्या लढ्यात गावोगावी शिंदीची झाडं तोडली गेली. आबांनी एका रात्रीत सात पाडली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला आणि मराठवाडा मुक्त झाला.

"तुम्हाला वाईट वाटलं का, आबा?" मामेभावानं विचारलं.

"त्या रात्री नाही वाटलं. पैसा तोडायचा होता. पण झाडानं आमचं काय वाकडं केलं होतं?" असं म्हणून ते हात धुवायला उठले. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी ओढ्याकाठी शिंदीच्या बिया टोचल्या. किती, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीत मी पुन्हा गेलो होतो. आबा आता नाहीत. ओढ्याकाठी शिंदीची नवी झाडं मात्र दिसली. आमचं जुनं झाडही उभं आहे, खूप उंच झालंय. मला वाटलं, भोकही वर गेलं असेल. पण झाड वाढतं ते शेंड्याला; खोडावरची खूण जागची हलत नाही. मी उंच झालो होतो, म्हणून ते मला कमरेशी सापडलं. बोट घातलं, तर अजून बोटभर आत गेलं.