नॉटपेड पत्र

टपालाच्या इतिहासाचा विषय निघाला कीं विद्वान् मंडळी वेगाविषयीं बोलूं लागतात. इराणच्या बादशहाचे घोडेस्वार, पेशवाईंतील जासूद नि सांडणीस्वार, पुढें आगगाडी, मग विमान, अशी ती मिरवणूक निघते. आम्हांस मात्र पत्राचे पैसे कोणीं भरावयाचे, हा प्रश्न वेगाहून मोठा वाटतो. त्यास एक खाजगी कारण आहे. तें पुढें येईलच.

धांवणारा माणूस पोसण्याची ज्याची ऐपत, त्याचेंच टपाल, असा व्यवहार फार काळ चालला. १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर जो अनर्थ घडला, त्याची खबर नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ मिळाली ती एका सावकारी पत्रावरून. आणि तें पत्र कांहीं त्यांच्या नांवें निघालेलें नव्हतें! दौलतीच्या धन्याची ही कथा. मग गोरगरिबांनीं काशीयात्रेस निघालेल्या शेजाऱ्याच्या हातीं निरोप द्यावा नि वाट पाहत बसावें, यांत नवल तें काय?

विलायतेंत सरकारी टपाल होतें. पण पैसे बहुधा घेणाराकडून वसूल होत, तेही अंतराच्या नि कागदांच्या हिशेबानें. १८३७ सालीं रोलंड हिल या गृहस्थानें एक पुस्तिका काढून दाखवून दिलें कीं, लंडनहून एडिंबरोस एक पत्र वाहून नेण्यास पेनीचा जेमतेम छत्तिसावा हिस्सा खर्च येतो. खरी उधळपट्टी होती ती प्रत्येक पत्राची आकारणी करण्यांत आणि पैशांसाठीं दारोदार खोळंबण्यांत. तेव्हां पाठविणारानेंच आगाऊ पैसे भरावे, व दर सर्वत्र एकच असावा. १८४० सालीं हें तिकडे अमलांत आलें. इकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून मुंबईचें पाव तोळ्याचें पत्र ठाण्यास जावो कीं पेशावरास, हशील अर्धा आणाच. बिनतिकिटी पत्रास मात्र दुप्पट, आणि तें घेणाराच्या माथीं.

गंमत अशी कीं, आमच्याकडील पुष्कळांस आगाऊ पैसे भरणें हाच मूर्खपणा वाटे. पैसे आधींच पोंचले, तर टपालवाला पत्र कशाला पोंचवील? नॉटपेड पत्र तो वसुलीसाठीं तरी दारीं आणील! हा तर्क अगदींच वेडगळ म्हणवत नाहीं. आमची आत्या शेवटपर्यंत याच मताची होती. साध्या पत्रास ती तिकीट लावी, पण जपून पोंचावें असें कांहीं असलें म्हणजे मुद्दाम लावीत नसे.

१९८८ सालीं आम्ही पुण्यास वसतिगृहांत असतां असें एक पाकीट आलें. महिनाअखेर होती. खिशांत चहापुरते पैसे होते, ते चहासाठींच राखावे असें ठरवून आम्हीं पाकीट नाकारलें. अक्षर ओळखलें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आत्यानें त्याविषयीं कधीं शब्द काढला नाहीं. ती गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटींत तें पाकीट सांपडलें. परत आल्यावर तिनें हशील भरून तें सोडवून घेतलें होतें, व न फोडतां तसेंच ठेविलें होतें. आंत दोन रुपयांची एक नोट होती, आणि वसतिगृहाची आमटी सोसते कीं नाहीं, एवढीच विचारणा.